टाळीला येणारे मासे

वहीदमियाँ मध्यंतरी वर्षभर दोन्ही हात पाठीमागे धरून चालत. नवख्या माणसाला वाटे, सरकारी दारोगा आहे, रुबाबात चालला आहे. आमच्या भोईवाड्यात मात्र तसं कुणाला वाटत नसे. ते हात चुकूनही एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मागे धरलेले असत, हे आम्हाला ठाऊक होतं. ते तसे समोरून आले की आम्हीच खाली बघायला लागायचो.

कॉलेजच्या अंकासाठी एखाद्या न विसरता येणाऱ्या माणसावर लिहा, असं आमच्या सरांनी सांगितलं आहे. वर्गातले बहुतेक जण आपापल्या वकील मामांवर नाहीतर शाळेच्या हेडमास्तरांवर लिहीत आहेत. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नाही. आम्ही भोई. तळ्यात जाळं टाकायचं आणि कळंबच्या बाजारात मासळी विकायची, एवढंच आमचं जग. त्यामुळे माझ्याकडे लिहिण्यासारखा माणूस एकच आहे, आणि त्याच्याबद्दल लिहिताना मला भीती वाटते. वाचणाऱ्याला हसू येईल. हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. पण हसून झाल्यावर जे उरतं, ते मला लिहिता येईल की नाही, याची खात्री नाही.

आमचं गाव येडशीहून कळंबकडे जाताना लागतं. गावाच्या वरच्या अंगाला जुनं तळं आहे. त्याच्या बांधाखाली सरकारी खात्याने दगडी हौद बांधले आणि वहीदमियाँना तिथे दारोगा नेमलं. लढाईचे दिवस होते. धान्य पुरत नव्हतं, सक्तीने धान्य वसूल करणारे लेव्हीवाले दारोदार फिरत होते. तेव्हा वरच्या कुणाच्या तरी मनात आलं, की गावोगावच्या तळ्यांत मासे वाढवले तर लोकांच्या पोटात काही पडेल. मासेही साधे नाहीत, समुद्राचे. खाडीत बोय नावाचा मासा असतो. त्याची पिल्लं अगदी लहान असताना धरली आणि हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावली, तर ती तळ्यातही वाढतात. हे वहीदमियाँ कोकणच्या किनाऱ्यावर राहून शिकून आले होते. आमच्या भागात समुद्र पाहिलेला तेवढा एकच माणूस.

"समिंदर कसा असतो हो, दारोगासाब?" असं कुणीही विचारलं की ते थांबत. जरा आठवत. मग म्हणत, "बेअदब. सारखा आपणच बोलतो. दुसऱ्याला बोलू देत नाही."

अदब हा त्यांचा लाडका शब्द होता. उंच, किडकिडीत माणूस, मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर लाल रुमी टोपी. वाटेत बकरी आडवी आली तर तिलासुद्धा "हटिए बेगम" म्हणायचे. आवाज चढवलेला मी त्यांचा एकदाच ऐकला, तो पुढे सांगेन. मी हैदराबादला कॉलेजात शिकतो याचं त्यांना फार कौतुक होतं. माझं सोपान हे नाव त्यांनी कधी घेतलं नाही. सुट्टीत मी घरी आलो की लांबूनच म्हणत, "आओ, कॉलेज! क्या खबर?"

पिल्लं आली त्या दिवशी मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. माझे थोरले चुलते नागूतात्या हे आमच्या भोईवाड्याचे म्होरके. ते आणि मी बैलगाडी घेऊन येडशीच्या स्टेशनावर गेलो. छोटी गाडी फुसफुसत आली. मागच्या डब्यात रॉकेलचे रिकामे पत्र्याचे डबे ओळीने ठेवलेले, त्यांना ओली गोणपाटं गुंडाळलेली, आणि मधोमध वहीदमियाँ उकिडवे बसलेले. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत एका डब्यात होता. पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात, म्हणून सारा प्रवास ते आळीपाळीने एकेका डब्यात हात फिरवत आले होते. हात बाहेर काढला तेव्हा तो पांढराफटक पडून सुरकुतला होता. त्यांनी तात्यांना डाव्या हाताने सलाम केला आणि लगेच माफी मागितली. "उजवा हात सध्या नोकरीवर आहे."

गाडी बार्शीहून येते; बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी आमच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे उतरलेला माल तपासणारा एक कारकून तिथे असे. तो डब्यांपाशी आला.

"काय आहे यात?"

"समुद्र," वहीदमियाँ म्हणाले.

कारकुनाने बोट बुडवून चाटलं. "हे तर मीठ आहे. मिठाला कर पडतो."

"जनाब, यात बाळं आहेत."

"मग जनावरं म्हणून लिहू? जनावराला दाखला लागतो."

"लिहा काही पण. फक्त बोलता बोलता या डब्यात हात फिरवा."

कारकुनाने वाकून पाहिलं. पाण्यात तांदळाच्या कण्यांसारखी चकचकीत पिल्लं होती, आणि प्रत्येकाला दोन काळे डोळे.  त्याने बाही वर सारली आणि हात घातला. आमचे डबे गाडीत चढेपर्यंत तो शेवटच्या डब्यात हात फिरवत उभा होता.

आता वहीदमियाँच्या अळणी खाण्याबद्दल सांगतो, कारण गावाला ते त्यांच्या टोपीइतकंच पाठ होतं. हौदातलं मीठ रोज थोडं थोडं कमी करत न्यायचं होतं. ते मोजायला त्यांच्यापाशी त्यांची जीभ होती. रोज सकाळी ते प्रत्येक हौदात बोट बुडवून चव घेत, डोळे मिटत, आणि ठरवत की आज विहिरीचं पाणी किती सोडायचं. जिभेला दुसऱ्या मिठाची सवय लागू नये म्हणून त्यांनी जेवणातलं मीठच सोडलं. त्यांची बायको, आम्ही तिला चाची म्हणायचो, बायकांना सांगायची, "हमारे घर में दो हंड्या. एक माणसांची, एक मासळीच्या अब्बाची." कळंबच्या बाजारात एक किराणावाला त्यांना चिडवायचा, "काय दारोगासाब, सरकारची नोकरी आणि सरकारचं मीठ नको?" ते हसत म्हणायचे, "मीठ तर मी तुमच्या आधी उठून खातो, शेठ."

या साऱ्याच्या आधी एक गोष्ट ठरली होती. खरं म्हणजे तीच सगळ्यात मोठी गोष्ट. हौद बांधले जात असताना वहीदमियाँ आमच्या वाड्यात आले. लिंबाखाली बाया-माणसं जमली. तळ्यात मरळ फार होती. मरळ दुसऱ्या माशांची पिल्लं खाते. तेव्हा आधी मरळ काढून तळं साफ करायचं आणि पुढच्या वर्षीचा उन्हाळा सरून त्याच्या पुढचा उन्हाळा येईपर्यंत तळ्यात जाळं टाकायचं नाही, असं त्यांचं मागणं होतं. आमच्याकडे दुसरं तळं नाही. माझा चुलतभाऊ म्हादू, तात्यांचा मुलगा, तोंडावरच म्हणाला, "मंग खायाचं काय? तुमची टोपी?"

तात्यांनी त्याला गप्प केलं. वहीदमियाँना राग आला नव्हता. ते म्हणाले, "नागूभाऊ, त्यानंतर तुम्ही जाळं टाकाल तेव्हा ते एकट्याला ओढवणार नाही. ही माझी जबान."

तात्या जरा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हणता म्हून."

तेवढ्यावर आमचा वाडा थांबला. मरळ काढली. जाळी आढ्याला टांगली. म्हादू आणि त्याच्या बरोबरीचे कळंबच्या सडकेवर खडी फोडायला गेले. आमच्या बाया, ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं, त्या खुरपायला जाऊ लागल्या. कुणी कुरकुर केली तर तात्या म्हणायचे, "जबान दिलीया त्यांनी." जणू ती जबान घरात आणून ठेवलेली एखादी वस्तू होती.

वहीदमियाँना हे सगळं दिसत होतं. म्हणून तर ते पिल्लांना इतकं जपत होते. एक मेलं तरी ते भोईवाड्याचं मेलं, असं म्हणायचे. हौदांचा तळ रोज घासला जाई. शेवाळाचा ठिपका चालत नसे. बेडूक दिसला की पकडून लांब सोडला जाई. वरून पक्ष्यांनी झडप घालू नये म्हणून हौदांवर काटक्यांचं छत होतं. पाणी गढूळ होऊ नये, ऊन लागू नये, धक्का बसू नये. आणि खाणं त्यांच्या हातचं. भुईमुगाची पेंड भिजवून, चाळून, ते कठड्याशी बसत आणि दोनदा टाळी वाजवत. मग कठड्याच्या दगडावर तळहाताची थाप. सारा हौद त्यांच्याकडे धावत येई. पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसे. ती बोटं चोखत, तळहातावर चढून बसत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आलो तेव्हा पिल्लं वीतभर झाली होती आणि गावाला वेड लागलं होतं. संध्याकाळी पोरंबाळं घेऊन लोक हौदावर येत. ज्याला त्याला टाळी वाजवून बघायची असे, आणि वहीदमियाँ कुणाला नाही म्हणत नसत. नागूतात्याही येत. त्यांनी जन्मभर मासे पळताना पाहिले होते. मासा आपणहून हातात येतो हे पाहून त्यांच्या तोंडाचं बोळकं उघडंच राही. "सोपान, वाजीव की अजून एकदा," ते मला म्हणत. मी वाजवी. खोटं कशाला सांगू, मी हैदराबादच्या बोर्डिंगातल्या पोरांना पत्र लिहून हे कळवूनही टाकलं होतं. तोपर्यंत माझ्या गावाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आता होतं.

काही मासे मात्र टाळीला येत नसत. सावली पडली की तळाशी जाऊन कोपऱ्यात दडत, इतरांनाही बिचकवत, कधी उसळी मारून कठड्याबाहेर पडत. वहीदमियाँ त्यांना चाळणीने वेगळं काढत. "यांना तहजीब नाही. चांगल्यांना बिघडवतील." मारून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बांधाच्या टोकाला, सांडव्याजवळ, एक मातीचा जुना खड्डा होता. पाणवनस्पतींनी भरलेला, गढूळ. त्यात बेडूक, पाणसाप, वर खंड्या पक्षी टपलेला. तिथे ते या बेअदबांना सोडत आणि विसरत. आठवलं तर हौदाची उरलेली पेंड लांबूनच भिरकावत.

वैशाखात विहीर आटली. हौदांना पाणी पुरेना. मासे तळ्यात सोडायचं ठरलं. त्या दिवशी गाव जत्रेसारखं लोटलं होतं. वहीदमियाँनी नवी शेरवानी घातली होती. हौदातून घागरी भरभरून मासे तळ्याच्या कडेला आणले आणि तात्यांच्या हातून पहिली घागर पाण्यात रिकामी करवली. मासे आत गेले. लोकांची जरा निराशा झाली, कारण पाहण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा वहीदमियाँ हसले, पुढे झाले, आणि दोनदा टाळी वाजवून काठाच्या दगडावर थाप मारली. सगळे मासे परत आले. लोकांनी आरोळी ठोकली. तात्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी तिथे एकाच्याही मनाला काही खटकलं नाही. माझ्याही नाही.

ज्या दगडावर त्यांनी थाप मारली तो धुण्याचा दगड होता.

दुसऱ्या दिवशी गंगू परटीण गावाचं धुणं घेऊन तळ्यावर आली. विहिरी आटल्यामुळे बाकीच्या बायाही तिथेच. धुणं दगडावर आपटायला लागल्या आणि मासे आले. धप, धप, की मासे पायात. गंगू किंचाळली, मग हसली, मग भाकरीचा तुकडा टाकला. सकाळपासून दुपारपर्यंत गावाचं धुणं चाले, तेवढा वेळ मासे उथळ पाण्यात त्या दगडाभोवती तोंडं वर करून उभे. तिसऱ्या दिवशी बगळे आले. त्यांच्या मागोमाग पाणकावळे. एक बगळा मासा उचली, शेजारचे मासे हलत नसत. त्यांना वाटत असावं, कुणीतरी वरून हात घातला आहे. आजवर वरून आलेला प्रत्येक हात खाऊ घालणाराच होता.

वहीदमियाँ धावत घाटावर आले. टोपी हातात. "बहनो, मेहेरबानी करा. धुणं आपटू नका."

गंगू म्हणाली, "आपटल्याबिगर मळ निघतो व्हय, दारोगासाब? माशास्नी सांगा की कान झाकायला." बाया हसल्या. मग गंगूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. पुढचे काही दिवस आमच्या गावच्या बाया धुणं हाताने चोळून धूत होत्या. पुरुष मळकी धोतरं नेसून हिंडत होते आणि कुणी बोलत नव्हतं. एवढा मोठेपणा गावाने दाखवला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायला लागणार आहे. आवाज थांबला तरी उपयोग झाला नाही. माशांना आता नुसती माणसाची सावलीही पुरत होती.

मग एका सकाळी कुणीतरी लुगडं पसरून मासे उचलले. आधी एका बाईने, मग पाच-दहा जणांनी, मग टोपल्या आल्या, शेजारच्या गावची माणसं आली. तळ्यात जाळं टाकायचं नाही एवढंच ठरलं होतं. लुगड्याचं कुणी बोललं नव्हतं. काठावर उभं राहून टाळी वाजवायची आणि टोपली बुडवायची. गावातल्या सगळ्यांना टाळी येत होती. आम्हीच त्यांना शिकवली होती.

आमच्या वाड्यातल्या एकाही माणसाने मासा उचलला नाही. तात्यांनी ताकीद दिली होती. शब्द दिला होता ना. भोई गोफणी घेऊन तळ्याच्या काठाने बगळे हाकलत फिरत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे मासे कुणब्यांच्या, तेल्यांच्या, सगळ्यांच्या घरी जात होते. म्हादू गोफण फेकून देऊन खाली बसला. "दारोगासाबनी माशांला अदब शिकिवली," तो म्हणाला, "बगळ्यांला शिकवायची ऱ्हायली."

वहीदमियाँ मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते पाण्यापाशी गेले. उरलेसुरले मासे त्यांना पाहून जवळ आले. त्यांनी एक ढेकूळ उचललं आणि माशांवर मारलं. मग दुसरं. "भागो!" ते ओरडले. त्यांचा चढलेला आवाज ऐकला तो तेव्हा. "भागो, कमबख्तो! डरो मुझसे! मुझसे डरो!" ढेकूळ पडलं की मासे जरा दचकत आणि ते पाण्यात विरघळलं की पेंड समजून पुन्हा पुढे येत. ते मारत राहिले. नव्या शेरवानीवर चिखल उडाला होता. बायांनी पदर तोंडाला लावले. ज्यांच्या टोपल्यांत मासे होते ती माणसं एकेक करून मागल्या मागे निघून गेली. शेवटी काठावर आम्ही भोईच उरलो, आणि आम्हाला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

त्याच दुपारी ते भोईवाड्यात आले. लिंबाखाली तात्या बसले होते. वहीदमियाँनी डोक्यावरची टोपी काढली आणि तात्यांच्या पायाशी ठेवली. तात्या चटका बसल्यासारखे उठले.

"आसं नगा करू, साब."

"नागूभाऊ, मी तुमचं तळं रिकामं केलं. मी माझ्या हातानं त्यांना…"

तात्यांनी टोपी उचलली, आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. "म्या बी रोज येत हुतो की बघायला. मला बी लई ग्वाड वाटायचं. आमी जातीचे भोई, आमाला तरी कुठं कळलं? लाज एकल्या तुमची न्हाय ती."

तात्यांनी हे खरोखरच मनापासून म्हटलं. पण वहीदमियाँना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं असावं. त्या दिवसापासून ते हात पाठीमागे धरून चालायला लागले. हौद कोरडे पडले होते, चव घ्यायला पाणी नव्हतं, तरी मीठ त्यांनी तोंडात घेतलं नाही. चाचीने माझ्या आईला सांगितलं, "पूछा तो बोलते, नागूभाऊचं जाळं भरेपर्यंत नाही." जाळं भरणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

मी हैदराबादला परतलो. बोर्डिंगातली पोरं विचारायची, काय रे, तुझे टाळीचे मासे काय म्हणतात? आम्ही सगळे जेवणाच्या घंटेला ताटं घेऊन धावत असू आणि मी धावता धावता विषय बदलत असे.

पावसाळ्यात तळं भरून सांडव्यावरून वाहिलं, असं घरून कळलं. त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात ठरलेली मुदत संपली. मी सुट्टीत घरी आलो होतो. तात्यांनी आढ्याची जाळी उतरवली. उंदरांनी कुरतडलेली घरं बायांनी विणून भरली. कुणाला आशा नव्हती, पण जाळं टाकायचा आमचा हक्क आहे हे तळ्याला दिसलं पाहिजे, असं तात्यांचं म्हणणं. वहीदमियाँ आले नाहीत.

पहिल्या ओढीला झिंगे आणि कचरा. दुसऱ्या ओढीला जाळ्यात काहीतरी धडपडलं आणि एक लांबट, रुपेरी मासा जाळ्यावरून उसळी घेऊन पार गेला. त्याच्या मागे दुसरा. म्हादू ओरडला, "समिंदराची हाय! तात्या, समिंदराची हाय ही!" फार नव्हते. जे होते त्यातले निम्मे उड्या मारून निसटले. पण उरलेले हातभर लांब होते, आणि जाळं ओढायला तात्यांना म्हादूला हाक मारावी लागली.

मी धावत वहीदमियाँना बोलावून आणलं. ते पाहत राहिले. मग बांधाच्या टोकाकडे चालत गेले. मातीच्या खड्ड्याची कड सांडव्याच्या पाण्याने खचली होती. तळं भरलं तेव्हा दोन्हींचं पाणी एक झालं होतं. त्या खड्ड्यात त्यांनी कोणाला सोडलं होतं, ते आम्हा सगळ्यांनाच तेव्हा आठवलं.

ते परत आले. तात्यांनी एक मासा त्यांच्या हातात दिला. त्याने अशी शेपटी मारली की त्यांच्या टोपीचा गोंडा हलला. वहीदमियाँ म्हणाले, "ओळखत नाही मला." आणि तो परत टोपलीत ठेवला.

"घरी न्या की साब. तुमचाच हाय."

"नाही, नागूभाऊ. हा माझ्या हातचा नाही. याला तर मी टाकून दिलं होतं."

तात्यांनी तरी चाचीकडे एक मासा पोचवलाच. तिने त्या दिवशी एकच हंडी चढवली आणि त्यांनी मुकाट्याने जेवण केलं, एवढं आईकडून कळलं. मीठ कसं लागलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी ते मला धुण्याच्या दगडापाशी दिसले. इकडे तिकडे पाहून त्यांनी पाठीमागचे हात सोडवले आणि दोनदा टाळी वाजवली. दगडावर थाप मारली. पाणी तसंच राहिलं. एकही मासा आला नाही. "शुकर है," ते म्हणाले. मग त्यांना मी दिसलो. ते ओशाळले. "कॉलेज," ते म्हणाले, "आता खात्याला काय कळवू? मासे वाढवायचे तर त्यांना विसरून जा, असं? ज्यांना जपलं ते गेले. ज्यांना टाकलं ते वाढले. हे लिहायला हात होत नाही."

कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत.

त्यांनी खात्याला काय कळवलं, मला माहीत नाही. पण यंदा दिवाळीत येडशीला पुन्हा डबे उतरले आणि चाचीच्या घरी पुन्हा दोन हंड्या झाल्या. आणि मी परत निघालो त्या सकाळी हौदांवरून जाताना मला सगळं बदललेलं दिसलं. काटक्यांचं छत नव्हतं. हौदांच्या तळाशी माती आणि दगड, पाण्यात वनस्पती, एका बाजूने पाटाचं पाणी बारीक, मोजकी धार धरून आत येत होतं. एका कठड्यावर बेडूक बसला होता आणि त्याला कुणी उठवलं नव्हतं. हौदाच्या एका अंगाला तुराट्यांचा पुरुषभर उंच कूड उभारला होता. त्याच्या आडून भिजवलेल्या पेंडीची मूठ उडत आली आणि पाण्यावर विखुरली. टाकणारा दिसत नव्हता.

मी हाक मारली, "दारोगासाब, येतो."

कुडाच्या आडून "श्श" असा आवाज आला. मग कडेने सलामासाठी एक हात बाहेर आला. तो कपाळाच्या उंचीला पोचायच्या आधीच त्याची सावली पाण्यावर पडली, पिल्लं चमकून वनस्पतींत शिरली, आणि हात घाईघाईने मागे गेला.

गाडीवान घाई करत होता. मी वळून पाहिलं तेव्हा तुराट्यांच्या फटीत एक डोळा दिसत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. जिथे आता एकही मासा दिसत नव्हता, त्या पाण्याकडे बघत होता.